कडेची माया

रंगनाथभाऊ माणसाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्या सावलीकडे. तुम्ही त्यांच्या दुकानात शिरलात की "बसा" म्हणायच्या आधी त्यांची नजर तुमच्या पायापासून निघायची, फरशीवरून भिंतीवर चढायची, तिथं तुमचं डोकं कुठं मोडलंय ते बघून यायची, अन् मंग कुठं तुमच्या तोंडाला पोचायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या चपलेला शेण लागलंय की काय. बिचारा पाय उचलून तळवा बघायचा.

हसनाबादेत आमचं शिवणाचं दुकान आणि त्यांचा फोटोचा गाळा, मध्ये एकच भिंत. आमचे हे शर्ट-पायजमे शिवायचे, मी ब्लाऊज. मशीन दाराशी टाकलेलं, त्यामुळे रस्त्यावरचं सगळं दिसायचं आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. चाळीस वर्षं मी तिथं बसले. हाताला काम नसलं की पुस्तक वाचायची, गिऱ्हाईक आलं की पानात काही तरी खूण घालून पुस्तक मिटायची. या खुणांचं पुढे सांगायचंय, म्हणून आत्ताच बोलून ठेवते.

गाव भाऊंना हसायचं. "नावात रंग हाय अन् फोटोत न्हाई," म्हणायचं. तसं पोटापाण्याला ते रंगीत फोटो काढायचे, लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या फॉर्मचे. पण बाजाराच्या दिवशी सकाळी गळ्यात जुना कॅमेरा अडकवून निघायचे ते स्वतःसाठी, आणि ते फोटो काळे-पांढरेच. मोबाइल आले, पोरंसोरं रंगीत फोटो काढायला लागली, तरी भाऊ कुठून कुठून रोल मागवायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, देवानं रंग दिले, तुम्ही का काढून घेता?"

"रंग असला की माणूस रंगच बघतो अक्का. लुगडं लाल का हिरवं, संपलं. रंग काढून घेतला की मंग ऊन दिसतं."

बाजार भरायचा तेव्हा ते सूर्य पाठीशी घेऊन गल्लीच्या तोंडाला उभे राहायचे. आठ-नऊची वेळ. त्यानंतर पार चार वाजेपर्यंत कॅमेरा बंद. "आता सावल्या पायाखाली जेवायला बसल्या," म्हणायचे. त्यांचे फोटो मी कितीक बघितले. कुडाच्या भिंतीवर शेळीच्या शिंगांची सावली आणि तिच्या बराबर खाली बसलेली मिरच्या विकणारी म्हातारी, जणू म्हातारीलाच शिंगं फुटली. म्हातारीनं तो फोटो बघून भाऊंना चार शिव्या दिल्या आणि मंग म्हणाली, "एक मला दे. सुनेला दाखवते."

एकदा बांगड्या विकणाऱ्याच्या समोर ते पाऊण तास उभे होते. आमच्या ह्यांना राहवेना. दुकानातून ओरडले, "रंगनाथ, कोणाची वाट पाहून राह्यला?"

"सायकलची."

"कोणाच्या?"

"कोणाच्याबी."

बांगडीवाल्याच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर बांगड्यांची गोल गोल सावली पडली होती. तिच्या शेजारी सायकलच्या चाकाची सावली यायला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. पाऊण तासानं दूधवाला गेला, भाऊंनी कॅमेरा उचलला, ठक् झालं, आणि ते चहाला निघून गेले. बांगडीवाल्याला शेवटपर्यंत वाटलं की आपला फोटो काढला.

"कॅमेरा दिसला की माणूस तोंड तयार करतो," असं भाऊ म्हणायचे. "हसरं, न्हाईतर रागीट, न्हाईतर फौजदाराचं. सावलीला तयारी करता येत न्हाई अक्का. ती हाय तशी पडती." हे त्यांचं आवडतं बोलणं. महिन्यातून दोनदा तरी कोणाला ना कोणाला ऐकवायचेच.

आणि दुसरं म्हणजे पीक. हे नीट सांगायला पाहिजे.

भाऊ मूळचे केदारखेड्याचे, शेतकऱ्याचे. दहावी झाल्यावर जालन्याला एका जुन्या फोटोवाल्याकडे शिकायला राहिले. भाऊ त्यांना उस्तादच म्हणायचे, नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी एक फोटो यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "इसको क्रॉप करो." फोटोत पोतं उचललेला एक हमाल, मागं दोन रिक्षा, विजेचा खांब, कोपऱ्यात कुणाची तरी अर्धी टांग. भाऊंनी शाळेत शब्दार्थ घोकलेले, क्रॉप म्हणजे पीक. त्यांनी फोटो सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. शेवटी धीर करून विचारलं, "उस्ताद, यात पीक कुठं हाय?"

उस्ताद इतके हसले की बशीतला चहा सदऱ्यावर सांडला. मंग डोळे पुसले, फोटो परत हातात घेतला आणि जरा वेळानं म्हणाले, "अरे मियाँ, बराबर बोला तू. येइच तो ढूंडना है. पीक किधर है, घास किधर है. घास निकाल दे."

झालं. तिथून पुढे भाऊंनी जन्मभर फोटोचं पीक काढलं. कडेचं जे कापून टाकायचं ते तण. त्यांच्याकडे लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे दोन काटकोन होते, काळ्या शाईनं रंगवलेले. एक इकडून, एक तिकडून असे ते फोटोवर सरकवायचे, मधली खिडकी लहान करायची, मोठी करायची, मान तिरकी करून बघायचं. खिडकी मनासारखी झाली की पट्टी ठेवून ब्लेडनं कडा कापायच्या. मोठे फोटोवाले म्हणे काळ्या खोलीत छापतानाच कडा सोडून देतात. भाऊंना ते पटायचं नाही. आधी सगळा फोटो छापायचा, मंग कापायचा. "अख्खं रान बघितल्याबिगर निंदायचं कसं?"

यापायी त्यांचं नुकसानही व्हायचं. एकदा बाजारात एका पुढाऱ्याचा सत्कार होता. हार, शाल, ढोल, सगळं. फोटो काढायला भाऊंना बोलावलं. चार दिवसांनी पुढाऱ्याचा माणूस फोटो घ्यायला आला. रंगीत फोटो भाऊंनी दिलेच, पण वर कौतुकानं एक काळा-पांढराही ठेवला. त्यात मंडपाच्या कापडी झालरीची सावली आणि त्या सावलीत, स्टेजच्या पायाशी, भाकरी खात बसलेली एक बाई. झालरीची टोकं बराबर तिच्या पाठीवरून गेलेली, जणू तिनंच भारीची शाल पांघरली होती. स्टेजवरचे सगळे वरून कापून टाकलेले.

तो माणूस म्हणाला, "यात साहेब कुठंयत?"

भाऊ सरळपणानं बोलले, "ते तणात गेले."

पुन्हा त्या घरून बोलावणं आलं नाही. आमचे हे महिनाभर दुकानात हेच सांगून हसायचे.

मी मात्र भाऊंशी भांडायचे. म्हणायचे, "भाऊ, कापायचं काम मीबी करते. पण आम्ही कापड कापताना कडेला माया सोडतो." शिवणाच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. बाई अंगानं भरली, की शिवण उसवायची आणि तेवढं मोकळं करायचं. माया सोडली नाही तर ब्लाऊज वाया जातो. "तुम्ही तर पार अंगाला लावून कापता."

"फोटो अंगानं भरत न्हाई अक्का. त्याला माया कशाला?"

आता कौसाचं. भाऊंची बायको. तिच्याशिवाय हे सगळं सांगणं म्हणजे नुसतं दुकान झाडल्यासारखं आहे.

कौसा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हनुवटीवर आणि एका डोळ्याभोवती कोडाचे पांढरे डाग होते. भाऊंनी बघून, पसंत करून केलेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती पहिल्यांदा बायकांत आली. आमच्यातलीच एक जण बोलली, "काळे-पांढरे फोटो काढणाऱ्याला बायकोबी तशीच भेटली की." बायका हसल्या. मीबी हसले. हे गाळून पुढे जाता आलं असतं, पण मी हसले होते. कौसानं ऐकलं. तिनं हातातला तिळगूळ ताटलीत परत ठेवला, पदर पुढे ओढला आणि शेवटपर्यंत बसून राहिली. मधेच उठून गेली नाही.

घरी जाऊन तिनं लग्नाचा फोटो चुलीत घातला. उस्तादांनी स्वतः जालन्याहून येऊन काढलेला, दोघांचा, एकच होता. आणि नवऱ्याला म्हणाली, "आजपासून माझं तोंड कॅमेऱ्यात घ्यायचं न्हाई. माझी शपथ हाय."

भाऊंनी ती शपथ पाळली. साऱ्या पंचक्रोशीची तोंडं त्यांच्या पेट्यांत भरलेली, बायकोचं नाही.

पुढे कौसाची न् माझी गट्टी जमली. कशी जमली ते आता आठवत नाही. ती ब्लाऊजला हुका लावायला मदत करायला यायची एवढं खरं. हसल्याबद्दल मी तिला कधी काही बोलले नाही. तिनंही कधी काढलं नाही.

बाजाराच्या दिवशी ती भाऊंबरोबर निघायची. खांद्याला रोलची पिशवी, पाण्याची बाटली. भाऊंच्या डाव्या हाताला उभी राहायची. सूर्य दोघांच्या पाठीशी, त्यामुळे दोघांच्या लांबच लांब सावल्या समोर रस्त्यावर पडायच्या, बराबर फोटोच्या खालच्या कडेत शिरायच्या. मंग सुरू व्हायचं. मला दारातून सगळं ऐकू यायचं.

"कौसा, सर. सावली येऊन राह्यली."

"कुठं सरू? नालीत?"

"मागं सर जरा."

"तुमचीबी येऊन राह्यली की. तिला सरकवा आधी."

"माझी मी कापतो."

"मंग माझीबी कापा. दोघांची एकाच ब्लेडात जाती."

भाऊ कपाळाला हात लावायचे. दुसऱ्या बाजाराला पुन्हा तेच. तेवढी शहाणी बाई, पण एवढी एक गोष्ट तिला जन्मभर समजली नाही असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. "उभं राहायचं कळत न्हाई हिला," भाऊ म्हणायचे, "इतके वर्सं झाले." आणि घरी येऊन फोटोची खालची पट्टी कापून टाकायचे. बाजार राहायचा, तण जायचं.

त्या पट्ट्या कौसा खालून उचलायची. झाडायच्या आधी. त्यातली एखादी माझ्याकडे आणायची. "अक्का, खुणेला घ्या. कागद चांगला जाड हाय." मी पुस्तकात घालायची. कधी नीट पाहिलं नाही. काळपट धब्बे दिसायचे, मातीचा रंग, एखादी काडी, चप्पल. कापून टाकलेल्यात बघायचं काय?

एक दुपार मात्र मला लख्ख आठवते. कौसा माझ्याजवळ हुका लावत बसली होती. दारातून ऊन आत आलं होतं आणि समोरच्या भिंतीवर आम्हा दोघींच्या सावल्या पडल्या होत्या. ती सुई थांबवून बराच वेळ बघत राहिली. मंग म्हणाली, "अक्का, यातली कोडवाली कोणती, सांगा बरं."

मी म्हटलं, "काही तरीच बोलती."

ती हसली, दातानं दोरा तोडला आणि पुढचा हुक घेतला.

तीन वर्षांमागं कौसाला कावीळ झाली. गोळ्या झाल्या, झाडपाला झाला, जालन्याचा दवाखाना झाला. पंधरा दिवसांत ती गेली.

तेराव्याला पाटावर फोटो ठेवायचा असतो. हार घालायला, पुढे दिवा लावायला. आणि भाऊंच्या घरी फोटो नव्हता. बायका कुजबुजायला लागल्या, "साऱ्या गावाचे काढले अन् घरच्या लक्ष्मीचा एक न्हाई." त्यांची लेक सुमन, जालन्याला दिलेली. तिच्या नवऱ्यानं धावपळ केली. आधार कार्डावरचा फोटो तिकडच्या दुकानातून मोठा करून, चौकटीत घालून आणला. चांगलं मन होतं बिचाऱ्याचं. भाऊंच्या हातात देत म्हणाला, "मामा, डागबी काढून टाकायला लावले. बिलकुल दिसत न्हाईत."

भाऊंनी फोटो उजेडाला धरला. सवयीनं थोडा लांब धरला, थोडा तिरका. मंग विचारलं, "ही कोण?"

जावई गडबडला. सुमन रडायला लागली. भाऊंनी चौकट हळूच पालथी करून बाजूला ठेवली आणि जावयाच्या पाठीवर हात फिरवला. "राहू द्या जावईबापू. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. तिनं नको म्हटलंय तोंड."

पाटावर नुसता दिवा लावला. तेरावं तसंच झालं.

पण त्यानंतर भाऊंचं घर बसलं. दुकान उघडेनात. जुनी पत्र्याची पेटी काढली आणि निगेटिव्ह शोधायला लागले. पेटी किती पावसाळे कोपऱ्यात पडून होती, ओल लागून निगेटिव्ह एकमेकांना चिकटून बसले होते, वाळत घातलेले पापड पावसात सापडावेत तसे. ओढले की वरचा थर निघून यायचा. मी भाकरी घेऊन जायची तर भाऊ जमिनीवर बसलेले, पुढे तो चिकटलेला ढीग.

"तोंड नको अक्का," मला म्हणाले. "तोंडाची शपथ हाय. पण हात तरी. पाठ तरी. चाळीस वर्सं बाजूला उभी होती, कडेला कुठं तरी आली असंल का न्हाई?"

"छापलेल्यात बघा ना भाऊ."

त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं त्यांचे सगळे चांगले फोटो लावलेले. शिंगं फुटलेली म्हातारी, बांगडीवाला, भाकरी खाणारी बाई. सगळे कडेनं कापलेले, साफ. "मीच कापलं," म्हणाले. "एकबी सोडला न्हाई."

जेवण तुटलं. सुमन दर चार दिवसांनी यायची, माझ्याकडे येऊन रडायची. "अक्का, बाबा काळ्या खोलीत नुसते लाल दिवा लावून बसतात. काम काहीच न्हाई. मला भीती वाटून राह्यली." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायची, झालं.

असेच दोन-अडीच महिने गेले. एक दिवस मी जुनं पुस्तक काढलं, पूर्वी अर्धं सोडलेलं. खुणेचं पान उघडलं, पट्टी खाली पडली. उचलून परत ठेवणार, तेवढ्यात दारातलं ऊन तिच्यावर पडलं.

पट्टी दोन-अडीच बोटं रुंद, वीतभर लांब. त्यात दोन डोकी होती. एक डोकं आणि दोन्ही बाजूंनी वर आलेली कोपरं, दोन कानांच्या रांजणासारखं. कॅमेरा डोळ्याला लावलेला माणूस. आणि त्याच्या डाव्या हाताला, खांद्याला खांदा लागून, पदर घेतलेली बाई. डोक्यापासून खांद्यापर्यंत, जसा स्टुलावर बसवून फोटो काढतात तसा.

मी उठून घरातली झाडून सगळी पुस्तकं काढली. पोथीत सापडली, पाकक्रियेच्या वहीत सापडली, ब्लाऊजच्या मापांच्या वहीत तीन. सतरा पट्ट्या निघाल्या. सतरा ठिकाणी ती दोघं.

लगेच घेऊन गेले असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी दोन दिवस त्या पट्ट्या उशाशी ठेवून विचार करत राहिले. कारण मी त्या ओळीनं मांडून पाहिल्या होत्या, आणि मला एक गोष्ट दिसली होती. ती भाऊंना दिसल्याशिवाय राहणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी गेले. भाऊंच्या पुढ्यात पुडकं ठेवलं. "तुमचं तण आणलंय," म्हटलं.

त्यांनी पहिली पट्टी उचलली आणि उजेडाला धरली. टेबलावर एकेक पट्टी मांडली, एकीखाली एक. चष्मा काढला, पुसला, घातला. सवयीनं हात त्या दोन काळ्या काटकोनांकडे गेला. उचलले, आणि परत ठेवून दिले. मंग एका पट्टीवर बोट ठेवलं.

"अक्का, हिचा हात वर का हाय?"

मी दुसरी पट्टी त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी दुसरी बघितली. तिसरी. सगळीकडे बाईच्या सावलीचा एक हात वर, डोक्याशी. कुठं कानाजवळ, कुठं कपाळावर. भाऊंनी आयुष्यात हजारो बायकांचे फोटो काढले. दर बाईला स्टुलावर बसवायचे, दिवा बराबर करायचे, आणि बटण दाबायच्या आधी एकच वाक्य बोलायचे, "पदर सारखा करा बाई." आणि बाईचा हात असाच वर जायचा. भिंतीपलीकडून मीसुद्धा ते वाक्य इतकं ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

"पदर सारखा करून राह्यली," भाऊ म्हणाले.

तेव्हा मी त्यांना ती दुपार सांगितली. हुका, भिंतीवरच्या सावल्या, आणि कौसानं काय विचारलं ते. यातली कोडवाली कोणती.

भाऊंनी मान खाली घातली. "मी म्हणायचो ना, सावलीला तयारी करता येत न्हाई. हिनं केली की. दर बाजाराला तयार होऊन यायची. फोटो काढून घ्यायची." मंग टेबलावर बोटानं एक सरळ रेघ ओढली, ब्लेड ओढावं तशी. "अन् मी."

त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना पाहिलं. आवाज नव्हता.

सांगितलं ते बरं केलं का वाईट, मला अजून कळलेलं नाही. न सांगता नुसत्या पट्ट्या देऊन आले असते, तर त्यांना बायको भेटली असती आणि टोचणी लागली नसती. पण कौसानं त्या माझ्याकडे का दिल्या असतील? कागद जाड म्हणून? चाळीस वर्षं मी तिची पट्टी हातात घेऊन पुस्तक वाचत होते, पट्टी वाचली नाही. बाजार ठेवून तिची सावली कापणाऱ्याला तरी मी काय नावं ठेवू?

निघताना भाऊंनी ब्लेड माझ्या हातात दिलं. "घ्या. तुमच्या शिवणी उसवायला कामाला येईल."

त्यानंतर ते हळूहळू जेवायला लागले. सतरा पट्ट्या एका काळ्या कागदावर चिकटवल्या आणि जिथं बसायचे त्याच्या समोर लावल्या. सुमननं विचारलं, "बाबा, हे काय हाय?" तर म्हणाले, "आमच्या जोडीचे फोटो." सुमन जवळ जाऊन बघत राहिली. तिला आधी काही दिसेना. मंग दिसलं. ती तिथंच उभी राहिली आणि आईशी बोलावं तशी काही तरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. दुपारी भिंतीला टेकून बसले होते, तसेच. आता त्यांच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान आहे. आमच्या दुकानाचं मशीनही मी घरी आणलं.

मला ते आठवतात ते मात्र त्याच्या आधीच्या थंडीतले. बाजाराचा दिवस होता. मी मेथी घ्यायला निघाले होते. बघते तर गल्लीच्या तोंडाला भाऊ उभे, गळ्यात कॅमेरा. कौसा गेल्यापासून पहिल्यांदाच. सूर्य पाठीशी. समोर सगळा बाजार ऐन भरात, भाजीचे ढीग, तागड्या, बायकांची गर्दी, आणि रस्त्यावर त्यांची एकट्याची लांब सावली. ते उभे होते जरा उजव्या अंगाला सरकून. डाव्या हाताला एका माणसाची जागा सोडून.

मी त्यांना बघायला म्हणून जवळ गेले आणि नेमकी त्याच जागेत पोचले. माझी सावली जाऊन त्यांच्या सावलीशेजारी पडली. इतक्या वर्षांची सवय, मी लगेच मागं झाले. "सरते भाऊ, सरते. मधीच आले."

"राहू द्या अक्का," ते म्हणाले. "सरू नका. खाली थोडी माया पाहिजे."

मी होते तिथं उभी राहिले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. कोपरं वर गेली, खाली मातीत रांजणाला कान फुटले. बाजारातली एक पोरगी आमच्याकडे बघून हसली. भाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. ते खाली सावल्यांकडे बघत होते.

"पदर सारखा करा बाई," ते म्हणाले. मला ते अक्का म्हणायचे, कधी बाई म्हणाले नव्हते.

मी पदर सारखा केला. खाली मातीतल्या बाईनंही केला.